नुसत्या हाडांचा फोटो

४ नोव्हेंबर, मंगळवार

अनफिट! माझा नबील अनफिट!

मुंबईच्या त्या मेडिकल सेंटरात बसलेल्या माणसाने माझ्या भावाच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नसेल. छातीचा फोटो समोर धरला असेल, उजव्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसला असेल आणि मारला शिक्का. कतारला जायला नालायक. टीबीचा संशय. कसला ठिपका, केव्हाचा, काही विचारणं नाही. पुढचा माणूस आत पाठवा!

मी रत्नागिरी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. गाडी रद्द झाली की लोक माझा उद्धार करतात, तरी मी प्रत्येकाला कारण सांगते. घाटात दरड आली, ड्रायव्हर आजारी पडला, टायर बसला. ठाऊक नसलं तर डेपोला फोन लावून विचारते आणि मग सांगते. या माणसाला एक ओळ जास्त लिहायला काय धाड भरली होती?

नबील सकाळी मुंबईहून आला, कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "आपा, चाय ठेव." मी कागद पुन्हा पुन्हा वाचतेय आणि हा पाव बुडवून खातोय.

"तुना कायच वाटत नाय?" मी ओरडले.

"काय वाटायचा? नाय तर नाय."

धक्का बसलाय पोराला. काही माणसं धक्क्याने रडतात, काही अशी गप्प होतात. अम्मी-अब्बा गेले तेव्हा हा शाळेत होता, मीच वाढवला. आता एकतीस वर्षांचा बाप्या झाला, महरीनसारखी बायको आहे, चार वर्षांची शिफा आहे, पण कागद अजून माझ्याच हातात आणून देतो. मग लढायचंही मीच. लढेन.

६ नोव्हेंबर

फुजैलचा फोन आला. मामूंचा मुलगा म्हणून नाही सांगत, पण हिरा आहे तो माणूस. त्यानेच नबीलला स्वतःच्या साइटवर लावून घेतला होता, फुजैल सुपरवायझर आहे तिथे. ते काम संपलं तसा नबील घरी आला, आता कंपनीचं नवं काम निघालंय, त्यासाठी नवा व्हिसा, म्हणून ही मेडिकलची भानगड.

"रहिमाआपा, चिंता नको करू," म्हणाला. "फुफ्फुस साफ हाय असा मोठ्या डॉक्टरचा रिपोर्ट आण. परत बघतील ते. मी वर बोलून ठेवतंय. नबीलसारखा माणूस मना दुसरा नाय मिळायचा."

बघा! परका देश, एवढी जबाबदारी, तरी भावाची आठवण. गेल्या वर्षी त्याच्या साइटला 'वर्षभरात एकही अपघात नाही' म्हणून बोर्ड मिळाला होता. बोर्डाशेजारी उभं राहून काढलेला फोटो त्याने पाठवला होता, तो मी स्टँडवर सगळ्यांना दाखवला. अब्बा एसटीत ड्रायव्हर होते, विनाअपघात सेवेचा बिल्ला होता त्यांच्या शर्टावर. मला कळते त्या बोर्डाची किंमत. तिथे उन्हात शेकडो माणसं लोखंड उचलतात आणि एकालाही खरचटत नाही, म्हणजे वरचा माणूस किती डोळ्यांत तेल घालून काम करत असेल.

नबीलला बोलवायला गेले तर तो घरात नाही. महरीन म्हणाली जेटीवर गेला, कुणाच्या तरी लाँचच्या पंख्यात जाळं अडकलंय. फुजैलचा फोन वाजला की याला नेमकी कुणाची तरी लाँच आठवते. ज्याने पोटाला लावलं त्याच्याशी दोन शब्द बोलायला जीभ झडते का? आल्यावर चांगली खरडपट्टी काढली. ऐकून घेतलंन आणि आंघोळीला गेला.

९ नोव्हेंबर, रविवार

सरकारी दवाखान्यात थुंकी दोनदा तपासून झाली. काही नाही. मी म्हटलं, मग द्या तसं लिहून. तिथले डॉक्टर म्हणाले, "देतो ना. पण मॅडम, त्यांना थुंकी नको असते, फोटो हवा असतो. जुना, भरून आलेला डाग असला तरी ते घेत नाहीत."

म्हणजे माणूस ठणठणीत असला तरी उपयोग नाही, फोटो ठणठणीत पाहिजे. तळपायाची आग मस्तकात गेली.

घरात वेगळंच. महरीनने नबीलचं ताट, पेला, चमचा वेगळा काढून ठेवलाय. "आईनं फोनवर सांगितलान," म्हणते, "पोरगी लहान हाय." मी ते ताट उचलून मोरीत भिरकावलं. थुंकीत काही नाही असं डॉक्टर सांगतात आणि ही तिकडे दापोलीजवळ मुरुडला बसलेल्या आईचं ऐकते! नबीलने ताट उचललं, धुतलं आणि परत वेगळ्या जागी ठेवलं.

"राहू दे आपा," म्हणाला. "माजा काय बिघडतंय?"

स्वतःच्या घरात वाळीत टाकल्यासारखा जेवतो आणि वर म्हणतो काय बिघडतंय. अब्बांचा संताप सगळा माझ्या वाट्याला आला, याच्यासाठी काही उरलंच नाही.

११ नोव्हेंबर

आज एक शहाणी बाई भेटली. डॉक्टर नम्रता. छातीचे फोटो वाचायचंच शिक्षण घेतलेली, गावात नवं सेंटर काढलंय. मी नेहमीप्रमाणे आधी भांडायच्या तयारीने गेले, पण तिने खुर्ची दिली, मुंबईचा फोटो दिव्यावर लावला आणि नीट सांगितलं.

साध्या फोटोत पुढची बरगडी, मागची बरगडी, फुफ्फुस, रक्ताच्या नळ्या, सगळं एकावर एक रचून येतं. ठिपका दिसतो, पण तो नेमका कुणाचा हे छातीठोक सांगता येत नाही. तिच्या मशीनमध्ये लागोपाठ दोन फोटो निघतात, एक जोरदार किरणांचा आणि एक कमी जोराच्या किरणांचा. हाडात चुना असतो, तो कमी जोराची किरणं फार अडवतो. मांस तेवढं अडवत नाही. मग त्या दोन फोटोंतला फरक काढून कॉम्प्युटर दोन नवे फोटो बनवतो. एकात हाडं गायब, दुसऱ्यात नुसती हाडं.

मी म्हटलं, "म्हणजे बांगडा खाताना मांस एका बाजूला आणि काटे दुसऱ्या बाजूला."

ती हसली. "अगदी. ठिपका मांसाकडे गेला तर फुफ्फुसाचा, काट्यांकडे गेला तर बरगडीचा."

"आणि बरगडीचा निघाला तर?"

"तर मी लिहून देईन की फुफ्फुस स्वच्छ आहे. टीबीचा प्रश्न मिटला."

सीटी स्कॅन का नको, तेही मीच विचारलं. म्हणाली, त्यात कितीतरी जास्त किरणं लागतात, एवढ्याशा प्रश्नाला सध्या गरज नाही. एक अट मात्र आहे. दोन फोटोंच्या मध्ये डोळ्याची पापणी लवेल एवढाच वेळ जातो, पण तेवढ्यात छाती हलायला नको. श्वास धरून उभं राहायचं.

मी हसलेच. म्हटलं, बाई, हा मांडवीचा पोर आहे. लाँचखाली बुडी मारून पंख्यातलं जाळं कापतो. वर उभ्या माणसांनी आशा सोडली की मग डोकं वर काढतो. याला काय सांगता श्वास धरायला!

नबील खाली बघत होता. लाजला असेल.

१३ नोव्हेंबर

फोटो फुकट गेला!

तो दीपक नावाचा टेक्निशियन. काचेमागून ओरडला, "श्वास घ्या... धरा." मशीन वाजलं. मग आम्हाला वाट बघत बसवलं आणि डॉक्टर नम्रता बाहेर येऊन म्हणते, हलला. मला पडद्यावर दाखवलंन. हृदयाच्या कडा दुहेरी, बरगड्यांच्या काठाने काळ्या-पांढऱ्या रेघा. दोन फोटो एकमेकांवर बसलेच नाहीत, त्यामुळे हाडं वजा करताना सगळा चिखल झाला.

मी दीपकला धारेवर धरलं. "तुम्हाला बटण वेळेवर दाबता येत नाही का?"

"ताई, मी बरोब्बर दाबलंय," तो म्हणाला. "त्यांनीच मधे श्वास सोडलानी."

"तो? तो सोडेल श्वास?"

"आता मी काय खोटा बोलतंय? पडद्यावर दिसतंय ना."

स्वतःचं चुकलं की दुसऱ्यावर ढकलायचं, ही यांची रीत. नबीलला विचारलं तर म्हणाला, "सुटला असेल." सुटला असेल! मी म्हटलं, मशीनच धड नाही. नवीन म्हणून मिरवतात आणि आत काय भरलंय कोण जाणे.

१५ नोव्हेंबर

दुसऱ्यांदाही तेच. या वेळी मी काचेजवळ उभी राहून बघत होते. दीपकने "धरा" म्हटलं आणि नबीलच्या खांद्यांना एकदम झटका बसला, जणू कुणी मागून ढकललं. मग खोकत बाहेर आला. कपाळाला घाम. एसी चालू, मी पदर लपेटून उभी आणि याला घाम.

डॉक्टर म्हणाली, "आता लगेच पुन्हा नको. प्रत्येक वेळी किरणं जातात, थोडी असली तरी खेळ नाही. काही दिवसांनी या. पुढच्या वेळी मी स्वतः त्यांच्याशी बोलेन."

बोलेन काय बोलेन! मशीन सुधार आधी. घरी येताना रिक्षात मी तोंड सोडलं होतं. दीपकवर, डॉक्टरवर, मुंबईच्या शिक्क्यावर. नबील बाहेर बघत होता. एकदाच बोलला. "आपा, नसला जमत तर सोड ना. हितंच बघू कायतरी."

"हितं काय बघणार? लोकांच्या लाँचखाली बुड्या मारणार?"

 मला मनातून भीती वाटतेय, इथे लिहिते. खरंच त्याच्या छातीत काही असेल का? श्वास धरता येत नाही तो त्यामुळेच का?

१७ नोव्हेंबर, सोमवार

महरीन शिफाला घेऊन मुरुडला गेली.

दोनदा फोटो काढूनही डॉक्टर सांगत नाहीत, म्हणजे आत मोठं काहीतरी आहे आणि आम्ही लपवतोय, असं तिच्या आईच्या डोक्यात बसलंय. "साफ रिपोर्ट येईपर्यंत मी येत नाय," महरीन म्हणाली. रडत म्हणाली, पण म्हणाली. मी तिला नको नको ते बोलले. नवरा आजारी असता तर टाकून जाशील का, वगैरे. ती म्हणाली, "आपा, त्यांना सांगा एकदा नीट फोटो काढायला. तुमचा ऐकतात ते."

नशीब बघा, दापोली गाडीची घोषणा मला करायला लागली. फलाट क्रमांक सांगताना खिडकीतून बघते तर शिफा बापाच्या गळ्याला मिठी मारायला बघतेय आणि महरीन तिचा हात मागे ओढतेय. नबीलने स्वतःच दोन पावलं मागे घेतली. दापोलीला रेल्वे असती तर निदान माझ्या तोंडाने त्यांना घालवायची वेळ आली नसती. माईक बंद करायचा राहिला आणि मी जी शिवी दिली ती सगळ्या स्टँडने ऐकली. आगारप्रमुखांनी बोलावून समज दिली. द्या म्हटलं, हवी तेवढी द्या.

नबील तेव्हापासून जेवलेला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

निघाला! फोटो निघाला!

पण आधी माझा अपमान लिहिते. डॉक्टर नम्रताने मला बाहेर बसवलं. "मला त्यांच्याशी एकटं बोलायचंय," म्हणे. मी काय परकी आहे? भावाच्या आजाराचं काय ते माझ्यासमोर बोलायला तिला कसली अडचण? बाहेरच्या बाकावर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. बराच वेळ दोघं आत. मग दीपकचा आवाज आला, "श्वास घ्या... धरा," आणि या वेळी नबील दगडासारखा उभा राहिला.

डॉक्टरने दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले. पहिल्यात बरगड्याच नाहीत! नुसती फुफ्फुसं, मोकळी, झाडून-पुसून ठेवलेल्या खोलीसारखी. ठिपक्याचं नावनिशाण नाही. दुसऱ्यात फक्त हाडांचा पिंजरा, आणि ठिपका तिथे, बरगडीवर गाठ येऊन बसलेला.

"हाड!" मी ओरडले. "नुसतं हाड! सांगत नव्हते मी?"

"हो, फुफ्फुस स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाली. मग पडद्यावर बोट ठेवलं. "पण गाठ एक नाही, तीन आहेत. एकाखाली एक, तीन बरगड्यांवर. मुंबईच्या फोटोत त्यातली एकच उठून दिसत होती. बरगडी मोडून पुन्हा जुळली की अशी गाठ राहते. वर्षभर तरी झालं असेल." आणि नबीलकडे बघून म्हणाली, "कुठे पडला होतात का? काही अंगावर पडलं होतं?"

मीच उत्तर दिलं. "छे हो! लहानपणी एक दात पडला तेवढाच. लाँचवर कुठे आदळला असेल, बाप्ये सांगतात थोडंच."

डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. तो टेबलाच्या काठाकडे. त्या बाईला नसत्या चौकशा फार. लिहून दे म्हटलं, तर तिने लिहून दिलं : फुफ्फुसे स्वच्छ, उजव्या तीन बरगड्यांचे जुने, भरून आलेले अस्थिभंग.

येताना पेढे घेतले. आधी महरीनला फोन केला. ती पलीकडे हुंदके देऊन रडायला लागली, पोरीला घेऊन येते म्हणाली. मग दोन्ही फोटो आणि रिपोर्ट फुजैलला पाठवले. दीपकलाही पेढा दिला. मशीन चांगलं आहे म्हणाले मी त्याला, काय करणार.

२१ नोव्हेंबर

फुजैलने कालपासून मेसेज बघितलाय, उत्तर नाही. काम असेल. शुक्रवारची सुट्टी असूनही काम असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते, कारण मी दहा वेळा वाचलं तरी मला कळत नाहीये.

"आपा, डॉक्टरला सांगून बरगडीची ओळ काढून घे. नुसतं फुफ्फुस साफ एवढंच लिहून घे. हाडांचा फोटो कुणाला दाखवू नको. कंपनीला तो नको."

का?

ठिपका बरगडीचा आहे हे दाखवायलाच तर तो फोटो काढला. तो काढून टाकला तर मुंबईचा माणूस पुन्हा विचारणार, ठिपका गेला कुठे? फुजैलला एवढंही कळू नये? आणि मोडलेलं हाड जुळलंय, त्याची कंपनीला कसली अडचण? एसटीत कुणाला लागलं तर साधा पाय मुरगळला तरी अपघाताचा रिपोर्ट भरावा लागतो. अब्बांनी एकदा गाडी गटारात घातली होती, मागून कुणी बघितलंही नव्हतं, तरी डेपोत जाऊन स्वतः सांगितलं. ओळ काढून घे म्हणणारा माणूस...

वर्षभर तरी झालं असेल, असं म्हणाली ना ती.

गेल्या वर्षी नबील तिथेच होता. फुजैलच्या हाताखाली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज दुपारी जेटीवर गेले. नबील पाण्यात होता, कुणाच्या तरी लाँचखाली. मी काठावरून हाका मारल्या. वर आला तेव्हा मी त्याची उजवी कूस बघत होते. कातडीवर काहीच नाही, ओरखडासुद्धा नाही.

"फुजैलनं काय केलान तुना?" मी विचारलं.

तो पायरीवर बसला. केसांतलं पाणी हाताने निपटलंन. मग बोलला, आणि मी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं.

पाइपांचा गठ्ठा साखळीतून सुटला. एक पाइप याच्या कुशीत बसला. हा खाली पडला तेव्हा बोर्डासाठीचं वर्ष भरायला थोडे दिवस राहिले होते आणि तो बोर्ड देणारी माणसं तपासायला येणार होती. "फुजैलभायनं मना खोलीवर नेलान. चादर फाडून छातीला बांधलान. दवाखान्यात नेला तर नोंद होईल म्हणला. सगळ्यांना सांगितलान, नबीलला ताप आयलाय. बाहेरून कडी घालून जायचा, कोणी बघू नये म्हणून. श्वास घेतला की आत सुरी फिरायची. मी अर्धा अर्धा श्वास घेत पडलेला होतो."

"आनी फोटोच्या वेळी?"

"पयल्यांदा मुद्दाम सोडला," तो म्हणाला. "खोटा कशाला बोलू? दुसऱ्यांदा नाय. दुसऱ्यांदा धरायला गेलो आनी ती कडी लावलेली खोली डोळ्यासमोर आली. पाण्याखाली नाय होत तसा. तितं मी माज्या मनानं जातंय."

"मग गुरुवारी कसा धरलास?"

"डॉक्टरीन बोलली, तुमाला जायचा की नाय ता तुमी ठरवा, पण छातीत खरंच काय असला तर पोरीसाठी कळायला पायजे. शिफासाठी धरला."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. विचारायलाच नको होतं.

"तू त्या बोर्डाचा फोटो स्टँडवर दाखवत होतीस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तरी माझ्या कानशिलात बसली. "आपा, तो ठिपका बरा होता. ठिपका हाय म्हणून जाता येत नाय, एवढा सांगितला की झाला. कोण मना भित्रा म्हणत नव्हता, कोण नमकहराम म्हणत नव्हता. तू धावत गेलीस, भांडलीस, मशीन शोधलंस आनी मना फिट करून आणलंस. आता मी काय सांगू?"

 मला स्वतःचा एवढा राग आलाय की लिहिताना पेन कागदात रुततंय. वेगळ्या ताटात जेवला, पोरीला जवळ घेतलं नाही, टीबीचा माणूस म्हणून मोहल्ल्यात फिरला. हे सगळं त्याला त्या खोलीपेक्षा बरं वाटलं. आणि मी त्याच्याच घरात बसून फुजैलला हिरा म्हणत होते.

२४ नोव्हेंबर

महरीन आणि शिफा आल्या. शिफा दुपारपासून बापाच्या पाठीवर चढलेली आहे. वेगळं ताट महरीनने सगळ्या ताटांत मिसळलं. नबीलने तिला काल रात्रीच फोनवर सगळं सांगितलंय. मला न विचारता कसं सांगितलं, असा विचार आला आणि लाज वाटली.

२६ नोव्हेंबर

मामी आल्या होत्या, फुजैलची आई. म्हणजे मी मेसेजला उत्तर दिलं नाही तेव्हाच फुजैलने ओळखलं आणि बातमी कतारवरून फिरून मांडवीत आली. बसल्या, पाणी प्यायल्या, मग सुरू झाल्या. "घरातली गोष्ट घरात राहू दे, रहिमा. भावाभावांत असा होतो. माज्या पोराची नोकरी जाईल."

"आनी माज्याची बरगडी गेली ती?"

"जुळली ना ती?"

जुळली ना ती! मी उठून दार उघडून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मामीला मी दार दाखवलं. अम्मी असती तर मला फोडून काढलं असतं. काढू दे.

त्यानंतर डोक्यात चक्र सुरू झालंय. हाडांचा फोटो कंपनीला पाठवायचा. त्याच्या घरच्यांना मोहल्ल्याच्या जमातीत चार माणसांसमोर बोलवायचं. फुजैलला फोनवर काय काय ऐकवायचं ते मी स्टँडवर बसून मनात जुळवते. आज एका माणसाने गुहागर गाडीची वेळ विचारली आणि मी त्याला म्हटलं, "लाज नाही वाटत?" बिचारा घाबरून निघून गेला.

नबीलला म्हटलं, मी फुजैलला सोडणार नाही. तो म्हणाला, "बघू."

बघू काय बघू? याच्या बघूनेच ही वेळ आणली. की माझ्या न बघण्याने?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्म्याची नमाज पढून नबील घरी आला आणि आम्ही जेवायला बसलो तेवढ्यात फुजैलचा फोन. व्हिडिओवर. माझ्याच फोनवर, कारण नबील उचलत नाही हे त्याला ठाऊक. मी भाताचे हात तसेच पुसले. सगळं तयार होतं माझं. कडीपासून सुरुवात करणार होते, मग चादर, मग तो बोर्ड, मग त्याच्या आईचं 'जुळली ना ती'. अशी सालटी काढणार होते की कतारमध्ये ऐकू गेली असती.

नबीलने हात पुढे केला.

"दे हिकडं."

"मी बोलतंय. तू बस."

"आपा." आणि मग तो ओरडला. माझ्यावर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "माजी बरगडी हाय! दर वेळी तू बोलतेस, तू ठरवतेस, जा तरी तू नी नको जाऊ तरी तूच! दे फोन!"

शिफा दचकून आईला चिकटली. मी फोन दिला. 

फुजैल हसतमुखाने बोलायला लागला. कसा हायस, शिफा कशी हाय, मी सगळं सेट केलंय, मुंबईला नवीन फोटो काढू, त्या डॉक्टरला मी बघून घेतो. नबीलने त्याला बोलू दिलं. मग म्हणाला, "फुजैलभाय, मी फिट हाय."

"तेच तर सांगतंय मी!"

"मी फिट हाय," नबील पुन्हा म्हणाला. "आनी मी येत नाय."

फुजैलचं तोंड तसंच उघडं राहिलं. मला वाटलं रेंज गेली. मग हळू आवाजात म्हणाला, "कशाला नाय?"

"तुना ठाऊक हाय."

"अरे, घरात बसून काय करणार तू?"

"ता माजा मी बघेन. डॉक्टरनं लिहिलाय ता लिहिलाय. एक ओळ कमी व्हायची नाय. कोणी इचारला तर मी दाखवणार."

 फुजैलचा आवाज एकदम गोड झाला. "आपाला दे जरा फोन. आपा समजूतदार हाय."

मी पुढे सरकले. समजूतदार! माझ्या तोंडात पहिलं वाक्य तयार होतं आणि हात पसरलेला होता.

"आपा हितंच हाय," नबील म्हणाला. "ऐकतेय."

आणि त्याने फोन बंद करून, माझा फोन, स्वतःच्या खिशात घातला आणि भाताला हात लावला.